आधी आहे ते राखू या

पत्राचा गोषवारा: ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या १४० घरांच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. नोकरी, घरी सासूबाई, आणि स्वतःसाठी मिळतात ते रविवारचे दोन तास. तीन वर्षं त्या दर जुलैत एका गटाबरोबर जवळच्या टेकडीवर झाडं लावायला जात आहेत. यंदा जानेवारीत सहज तिकडे गेल्या, तर लावलेल्या चाळीसपैकी पाचच रोपं उभी होती. बाकी ठिकाणी नुसत्या आधाराच्या काठ्या आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. इकडे सोसायटीत पालापाचोळा कोपऱ्यात पेटवतात, दर महिन्याला बागेत फवारणी होते, मे महिन्यात झाडं बोडकी करतात. बोलायला गेल्या तर सेक्रेटरी म्हणाले, 'ताई, तुम्ही तुमच्या बाल्कनीपुरतं बघा.' त्या विचारतात: पुन्हा झाडं लावायला जावं का? खाडीवर सफाईला जावं? की एखाद्या संस्थेला पैसे द्यावेत? आणि बाल्कनीत चार कुंड्या ठेवून खरंच काही होतं का?

ताई,

चाळीसपैकी पाच जगली हे तुम्ही चूक कबूल केल्यासारखं लिहिलं आहे. पण लावल्यानंतर पुन्हा जाऊन मोजणारी माणसं फार कमी. तुमच्या या मोजणीतूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

टेकडीवरची रोपं का मरतात याची कारणं ठरलेली आहेत. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असतात. पिशवी कापून तसंच लावलं की ती पुढेही गोलच वाढतात, खोल जात नाहीत. खड्डा वीतभर असतो आणि खाली कातळ. ऑगस्टपर्यंत पावसावर सगळं हिरवं दिसतं, फोटो छान येतात. ऑक्टोबरनंतर पाणी घालायला कोणी नसतं, डिसेंबरात भोवतीचं गवत वाळतं आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या मधे कधीतरी कोणीतरी काडी टाकतं. एक वणवा गेला की तीन वर्षांची मेहनत अर्ध्या तासात संपते. म्हणजे जुलैतल्या त्या सकाळी काही चुकलं नव्हतं. उरलेल्या अकरा महिन्यांत तिथे कोणी नव्हतं.

आणि ताई, आणखी एक गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलायला हवी. टेकडीचा गवताळ उतार दिसला की आपण त्याला रिकामी जागा समजतो. ती रिकामी नसते. पावसाळ्यात तिथे तेरडा आणि सोनकी फुलते, मुनिया गवताच्या बियांवर जगतात, चंडोल जमिनीवरच घरटं करतो. जिथे मातीचा थर चार बोटांचा आहे तिथे निसर्गाने गवतच ठेवलं आहे, आणि तिथे खड्डे खणून आपण असलेलं मोडतो. खाडीच्या चिखलाचंही तेच. भरती ओसरल्यावर उघडा पडणारा चिखल म्हणजे रोहित पक्ष्यांचं ताट. 'इथे काहीच नाही, कांदळवन (खाऱ्या पाण्यातलं मॅन्ग्रोव्हचं जंगल) लावू या' म्हणत त्यावर रोपं लावली तर ते ताट आपण उचलून नेतो.

तुमच्या सोसायटीत जे चाललं आहे ते याच सवयीचं दुसरं रूप आहे. वाळलेलं पान कचरा, सुकलेली फांदी कचरा, पानावरची अळी म्हणजे कीड. यातलं प्रत्येक कोणाचं तरी घर किंवा जेवण असतं. तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते: यंदा एकही नवं झाड लावू नका. तुमच्या आवारात जी मोठी झाडं आधीपासून उभी आहेत आणि टेकडीवर जी पाच जगली आहेत, ती राखा. दोन तासांत हेच होण्यासारखं आहे आणि याचाच उपयोग सर्वांत जास्त.

पहिले चार रविवार काहीही बदलायला जाऊ नका, फक्त नोंद करा. दोनशे पानी वही घ्या, आवाराचा कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक झाडाला नंबर द्या. नाव माहीत नसेल तर पान, साल आणि फूल किंवा फळ यांचे तीन वेगळे फोटो काढून आयनॅचरलिस्ट या ॲपवर टाका, ओळख पटवायला जाणकार मदत करतात. प्रत्येक झाडापाशी चार गोष्टी बघा: बुंध्याला सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक किती जवळ आले आहेत, खिळे-तारा-लायटिंगची माळ आहे का, सुकलेल्या फांद्या कुठे आहेत, आणि घरटं किंवा ढोली आहे का. पक्ष्यांसाठी सकाळी सात ते साडेसात एकाच जागी उभं राहा, दिसेल ते लिहा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. फेब्रुवारीच्या मध्याला ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना असते. चार दिवस, एका जागी किमान पंधरा मिनिटं, एवढंच मागणं असतं. सासूबाईंनाही यात घेता येईल. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात एकच झाड निवडून दर आठवड्याला नवी पालवी, कळी, फूल, फळ यांची नोंद करायची असते. खिडकीतून बहावा किंवा आंबा दिसत असेल तर तो त्यांच्याकडे सोपवा.

ही वही पुढे कमिटीसमोर कामी येणार आहे. आता कमिटीबद्दल. सेक्रेटरींचं वाक्य लागलं असणार, तरीही थोडा वेळ त्यांच्या खुर्चीत बसून बघा. पावसात फांदी गाडीवर पडली तर जबाब त्यांना द्यावा लागतो. डेंग्यूचा एक पेशंट निघाला की फोन त्यांना येतात. पाचोळ्यात साप निघाला तरी तेच. त्यांचा विरोध निसर्गाला नाही, कटकटीला आहे. म्हणून चार मागण्या एकदम ठेवू नका. एक मागणी, एक कोपरा, तीन महिन्यांची मुदत, असं मागा. आणि कमिटीला ज्याची भीती वाटते त्यावरचा उपाय म्हणूनच ती मांडा.

सुरुवात बुंध्यांपासून करा, कारण याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. झाडाला लागून सिमेंट ओतलं की मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, ती कुजतात किंवा वरवर पसरतात, आणि मग जून-जुलैच्या वाऱ्यात ते झाड मुळासकट आडवं होतं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश देताना बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तुमच्याकडे पार्किंगमुळे एवढी जमणार नाही, दीड-दोन फूट मिळाली तरी घ्या. पेव्हर ब्लॉक असतील तर पहारीने एक-एक उचलता येतात. सिमेंट असेल तर छन्नी-हातोडाच वापरायचा. ब्रेकर मशीन आणू नका, खाली सिमेंटला खेटून मुळं असतात आणि एका धक्क्यात सोलली जातात. आधी इलेक्ट्रिशियनला विचारून केबल कुठून गेली आहे ते बघा. मुळं दिसली तर कापायची नाहीत, त्यांच्या भोवतीनेच काम थांबवायचं. मोकळ्या जागेत खत इंचभर, त्यावर सुका पाला तीन इंच, आणि सगळं मिळून रस्त्याच्या पातळीपेक्षा थोडं खालीच राहिलं पाहिजे म्हणजे पाणी तिथे मुरतं. इथे एक चूक सर्रास होते: माती बुंध्याला टेकवून ढीग करतात. साल सतत ओली राहिली की कुजते. बुंध्यापासून वीतभर अंतर कोरडं सोडा. खिळे सहज निघत असतील तर काढा. खोडात रुतलेली तार ओढून काढू नका. ती दोन-तीन जागी कापून सैल करा, आत गेलेला तुकडा झाड स्वतः पोटात घेतं.

दुसरं काम पाल्याचं, आणि फेब्रुवारी-मार्च हीच त्याची वेळ. उघड्यावर कचरा जाळण्यावर हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे, साध्या प्रकारातही दंड ५,००० रुपये. हे सेक्रेटरींना सांगा, पण शेवटी सांगा. आधी पिंजरा दाखवा.

पिंजरा म्हणजे चार फूट रुंदीची कोंबडीजाळी दहा फूट घ्यायची, गोल करून टोकं तारेने बांधायची. साधारण सव्वातीन फूट व्यासाचं उभं पिंप तयार होतं. ते सावलीत आणि उघड्या मातीवर ठेवायचं, फरशीवर नाही, म्हणजे खालून गांडुळं चढतात. मीटर रूमपासून लांब. तळाला अर्धा फूट काड्याकुड्या, हवा खेळायला. मग फूटभर पाला, पायाने दाबायचा, पाणी, वर एक घमेलं जुनं खत किंवा बागेतली माती. पुन्हा पाला. शेणकाला मिळाला तर उत्तम, नाहीतर आंबट ताक पाण्यात घालून शिंपडलं तरी चालतं. अशा थरांनी भरत गेलात की आठवड्याभरात ढीग निम्म्यावर बसतो आणि पुन्हा जागा होते.

सगळ्यांचं अडतं ते पाण्यावर. वाळलेली पानं छत्रीसारखी एकमेकांवर बसतात, वरून नळी धरली तर पाणी कडेने निथळून जातं आणि मधला भाग कोरडाच राहतो. तीन महिन्यांनी उघडलं की पानं जशीच्या तशी. लोक म्हणतात आमच्याकडे होत नाही. उपाय सोपा आहे: भरण्याआधी पाला टबात किंवा जुन्या ड्रममध्ये पाच मिनिटं बुडवून मग टाका. दर तीन-चार आठवड्यांनी बागकामाच्या दातेरी पंजाने खालीवर करा आणि मधली मूठभर पानं घेऊन पिळा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त ओलं, हाताला काहीच लागलं नाही तर कोरडं. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, काम तीच करते. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं चार-सहा महिन्यांत काळी भुसभुशीत होतात. आंबा, फणस, बदाम, रबर यांची जाड पानं वर्षभर घेतात, ती वेगळ्या पिंजऱ्यात टाका किंवा कोयत्याने तुकडे करून घाला. नारळाच्या झावळ्या यात नकोतच. पावसाळ्यात वर गोणपाट आणि त्यावर ताडपत्री.

सापाचा प्रश्न येणारच. साप येतो उंदरांमागे आणि उंदीर येतात अन्नामागे. म्हणून या पिंजऱ्यात स्वयंपाकघरातलं काहीही टाकायचं नाही, अगदी सालंसुद्धा नाही. एवढं पाळलंत तर वासही येत नाही. तरी ढिगात उघडा हात घालायचा नाही, पंजा किंवा फावडं वापरायचं आणि पायात बूट. हे माळीकाकांना पहिल्याच दिवशी सांगा. त्यांच्याशिवाय हे चालणार नाही. पाला जाळणं त्यांच्यासाठी दहा मिनिटांचं काम होतं, पिंजऱ्याला तासभर लागतो. त्या तासाचे पैसे त्यांना मिळायला हवेत, हे तुम्ही कमिटीकडे मागा.

दोन पिंजऱ्यांचं खत निघालं की सोसायटीचा विकतच्या खताचा खर्च कमी होतो, तो आकडा वहीत लिहा. सेक्रेटरींना पुढचं पटवायला तोच लागेल.

आता फवारणी. हा विषय तिसरा किंवा चौथा ठेवा, पण सोडू नका. डासांसाठी मारलेला धूर त्या क्षणी उडणाऱ्या डासांना लागतो, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडण्यापर्यंत त्याला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला एक वार ठरवून कुंड्यांखालच्या बशा, एसीच्या पाण्याच्या बादल्या, गच्चीवरचं भंगार रिकामं करणं आणि टाक्यांची झाकणं तपासणं हा खरा उपाय. हा वार तुम्ही स्वतः घ्या. मग पेस्ट कंट्रोलवाल्यांना सांगता येतं की ड्रेनेज आणि जिन्याखाली करा, झुरळांसाठी घरात जेल लावा, पण बागेतल्या पानांवर मारू नका. पावडर आणि स्प्रे पानांवर बसला की डासाच्या आधी मधमाशी, चतुर आणि फुलपाखराची अळी मरते. यातला चतुर तर डासच खाऊन जगतो.

छाटणीला परवानगी लागते. १९७५ चा महाराष्ट्राचा शहरी झाडांचा कायदा आहे, त्याखाली महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण ती देतं. मंजुरीच्या कागदावर कोणत्या झाडाच्या कोणत्या फांद्या लिहिल्या आहेत ते वाचा आणि छाटणीच्या दिवशी खाली उभं राहा. शेंडा उडवून झाड बोडकं केलं की ते सुरक्षित होत नाही, उलट धोकादायक होतं. जखमेपाशी झुबक्याने कोवळ्या फांद्या फुटतात, त्यांची पकड वरवरची असते, आणि दोन-तीन पावसांनी त्याच तुटतात. फांदी काढायचीच असेल तर तीन काप घ्यायचे: खोडापासून फूटभरावर खालून एक तृतीयांश, मग त्याच्या थोडं बाहेर वरून पूर्ण, म्हणजे फांदी साल सोलत खाली येत नाही. उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याच्या लगेच बाहेर. तो गळपट्टीसारखा फुगवटा कापला तर जखम कधीच भरत नाही. आणि वेळ शक्यतो पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात मागा. मे महिन्यात कावळे, बुलबुल, तांबट सगळ्यांची घरटी भरलेली असतात. खरोखर धोक्याची फांदी असेल तर ती मात्र मेमध्येही काढावीच लागते, तिथे अडून बसू नका.

'बाल्कनीत काय होणार' हा तुमचा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर हो आणि नाही असं दोन्ही आहे. बाल्कनीने येऊरच्या जंगलातला बिबट्या वाचत नाही. पण तुमच्या टेकडीपासून खाडीपर्यंत मधे सगळं सिमेंट असेल तर फुलपाखरांना आणि छोट्या पक्ष्यांना मधे टेकायला जागा लागते, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत ती सहज येतात. फक्त नर्सरीतली रंगीत फुलं आणू नका. फूल म्हणजे फुलपाखराचा चहा, त्याची पिल्लं वाढतात ती ठराविक पानांवर. कढीपत्ता आणि लिंबू या दोन कुंड्या पुरे. बारा ते चौदा इंचाची कुंडी, चार तास ऊन. नर्सरीतून आणलेल्या रोपावर औषध मारलेलं असतं, म्हणून पानं धुवा आणि महिनाभर थांबा, नवी पालवी येऊ द्या.

मग कोवळ्या पानाच्या कडेला किंवा खाली मोहरीहून लहान, फिकट पिवळा गोल ठिपका दिसेल. ते लाइम किंवा कॉमन मॉरमॉन फुलपाखराचं अंडं. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि ती हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी, मधे पांढरा डाग. पहिल्यांदा बघणारा माणूस तिला पुसून टाकतो! मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. बोट लावलंत तर डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो, तो मुंग्यांना पळवायला. दोन-तीन आठवड्यांत ती फांदीला रेशमाच्या धाग्याने स्वतःला बांधून कोश करते आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत फुलपाखरू. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉनही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. लहान रोपाला दोनच अळ्या झेपतात. जास्त असतील तर कढीपत्त्याच्या मोठ्या झाडावर हलवा. पानं संपली तरी रोप मरत नाही, तीन आठवड्यांत पुन्हा फुटतं. आणि एखाद्या दिवशी शिंपी पक्ष्याने अळी उचलून नेली तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच्याही घरट्यात पिल्लं असतात.

तिसरी कुंडी पानफुटीची. तिच्या जाड पानाच्या आत रेड पिएरो फुलपाखराची अळी बोगदा करून राहते, पान उजेडात धरलं की फिरताना दिसते. फेकून देऊ नका. आणि सोसायटीत ओळीने उभा असतो तो उंच अशोक, त्यावर टेल्ड जे नावाचं हिरव्या ठिपक्यांचं चपळ फुलपाखरू वाढतं. तुमच्या वहीत त्याची नोंद अजून नसेल, ती करा.

उन्हाळ्यात पाणी ठेवणार असाल तर पसरट मातीचं भांडं, दोन इंचांपेक्षा खोल नको, मधे एक दगड, रोज पाणी बदलायचं आणि काथ्याने घासायचं. कबुतरांना दाणे मात्र घालू नका. ती वाढतात आणि बाकीच्यांना जागा उरत नाही.

टेकडीकडे परत येऊ. तुमची पाच आणि त्याच गटाची आणखी दहा-पंधरा, पायवाटेजवळची, एवढीच रोपं दत्तक घ्या. हिशेब करा: एका रोपाला आठवड्याला दहा लिटर, वीस रोपांना दोनशे, म्हणजे वीस लिटरचे दहा कॅन डोक्यावरून. पन्नास रोपं ठरवलीत तर तिसऱ्या रविवारी काम बंद पडेल. गवत बुंध्याभोवती एक मीटर विळ्याने कापा आणि कापलेलं तिथेच पसरू नका, वणव्यात तेच पेटतं. टेकडीवर आच्छादन दगडांचं करायचं. बुंध्याभोवती चपटे दगड रचले की ओल टिकते आणि आगीची धग अडते. तीन उन्हाळे हे केलंत की झाड स्वतःचं बघतं. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा साफ करतं. जमीन वनखात्याची असेल तर या कामाला परवानगी घेऊनच जा. येऊरच्या बाजूचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तेव्हा तिथे तर नक्कीच. आग दिसली तर एकटीने झाडपाला घेऊन विझवायला धावू नका. वनखात्याच्या १९२६ वर आणि अग्निशमन दलाला फोन करा, उताराच्या वरच्या बाजूला थांबू नका, आग वर पळते.

खाडीची सफाई चांगली आहे, पण तिथे वर्षातून तीन-चार रविवार पुरेत. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग २०१५ पासून रोहित पक्षी अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीतलं, म्हणजे जागतिक महत्त्वाचं, पाणथळ. जाल ते ओहोटीची वेळ बघून आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाने किंवा महापालिकेने ठरवलेल्या जागी. तिवर या कांदळवनातल्या झाडाची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, त्यांवरून चाललं की ती मोडतात आणि झाड गुदमरतं. म्हणून कडेकडेनेच काम करा. मुळांत गुंतलेलं प्लॅस्टिक ओढू नका, कात्रीने कापून सोडवा. फांदीला अडकलेलं मासेमारीचं जाळं कोणाचं वापरातलं असू शकतं. कोळी बांधवांना विचारल्याशिवाय हात लावू नका. खाडी त्यांच्याइतकी कोणी ओळखत नाही.

खरं सांगायचं तर खाडीला पिशव्यांपेक्षा भराव जास्त मारतो. भरतीचं पाणी आत येण्याची वाट बंद झाली की कांदळवन उभ्याउभ्या सुकतं आणि तळी आटतात. हे नवी मुंबईत नेरुळच्या तलावाबाबत २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात कांदळवनं तोडायला आणि तिथे भराव टाकायला मनाई केली आहे. राडारोड्याचा डंपर दिसला तर अडवायला जाऊ नका. लांबून फोटो काढा, त्यात लोकेशन, वेळ आणि गाडीचा नंबर यावा, आणि १९२६ वर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्या. तोच मजकूर महापालिकेला आणि तहसीलदारांना लेखी द्या. पंधरा दिवसांनी त्याच जागेचा दुसरा फोटो. कागद मागे लागला की हालचाल होते.

पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, पण आधी तीन प्रश्न विचारा: तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती झाडं जगली? कोणती स्थानिक जातीची होती? पाणी कोण घालतं, आणि त्याला पगार मिळतो का? किती लावली हा आकडा सगळ्यांकडे असतो. या तिन्हींची सरळ उत्तरं देणारी संस्था मिळाली तर बारमाही मजुरी देण्यासाठी दर महिन्याला थोडे द्या, जुलैत एकदम देऊ नका.

आता येत्या रविवारचं. आवारात कुठे सुकलेली तिरकी फांदी असेल तर तिच्या खालच्या बाजूला गोल, दोन बोटं मावतील असं भोक आहे का ते बघा, आणि खाली जमिनीवर लाकडाचा भुसा पडला आहे का तेही. दोन्ही दिसलं आणि भर दुपारी 'टुक टुक टुक' ऐकू आलं, तर तांबटाची जोडी तिथे घर कोरते आहे. तो कोवळ्या लाकडात कोरू शकत नाही, त्याला सुकलेलीच फांदी लागते. ती वाटेवर किंवा गाड्यांवर लोंबत नसेल तर तिला लाल दोरी बांधा, माळीकाकांना आणि वॉचमनला दाखवून ठेवा, आणि कमिटीच्या अर्जात झाडाचा नंबर घाला. मे महिन्यात करवतवाले येतील तेव्हा पिल्लं आत असतील.